प्रतिसाद देत नाही

रात्री कधीतरी, मी शटर ओढून गेल्यावर,
ब्राउझरनं स्वतःला नवं करून घेतलं.
सकाळी चिन्ह तेच, रंग जरा उजळ,
कोपरे गोल केलेले,
आणि तिसऱ्या टॅबला सगळं गोठलं.

बिटको चौकातून जेल रोडला वळताना
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट
असा बोर्ड दिसतो ते माझं दुकान.
नोव्हेंबर. बाकावर सात पेन्शनर,
कानटोपीतले, मफलरमधले,
सातही जण हयात असल्याचं सिद्ध करायला आलेले,
आणि पडद्यावर पांढरी चौकट :
पान प्रतिसाद देत नाही.
थांबायचं, की बंद करायचं?

मी थांबले. मग बंद केलं. मग परत थांबले.
कॅश उडवली, कुकीज उडवल्या,
मशीन बंद करून वीस अंक मोजले,
राऊटरची वायर काढून, फुंकर मारून लावली.
फुंकरीनं काही होत नाही, ठाऊक आहे. तरी मारली.
गोल चक्र फिरत राहिलं,
दत्तमंदिर थांब्यावर रिक्षावाला
एक सीट भरायची म्हणून
जागच्या जागी ॲक्सिलेटर पिळतो, तसं.

"सर्व्हर डाऊन असेल," मोगल काकू म्हणाल्या.
नाही हो काकू, सर्व्हर बिचारा चालू आहे,
मोबाईलवर उघडतंय ना.

पहिला नंबर सुखदेव पगारेंचा.
नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं, तपासणीला.
ते पडद्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते.
"पोरी, एकदम सगळं काय झटकतेस?
आमच्याकडं शीट खराब आली की
आधी मशीनला हात नाही लावायचा.
शेवटची बरोबर शीट काढायची.
तिच्यानंतर काय बदललं, तेवढंच विचारायचं."

शेवटची बरोबर शीट काल संध्याकाळी सातची,
देवळालीच्या कुणाचं तरी लाईट बिल.
त्यानंतर फक्त हा नवा झालेला.
मग याला जुनी कोण कोण चिकटलेली आहेत
ती यादी उघडली. नऊ एक्स्टेन्शन निघाली.
जाहिराती अडवणारं. पीडीएफ जोडणारं.
एक कुपनं हुडकणारं, ते कधी आलं देव जाणे.
सगळी बंद केली. पान सुळकन उघडलं.
मग एकेक चालू करत गेले,
दर वेळी पगारे काका बोट उचलायचे,
"पुढचं."
सहाव्याला पुन्हा गोठलं.

सहावं मराठी टायपिंगचं होतं.
दुकान टाकलं त्या दिवशी माझ्या भावानं, प्रशीलनं बसवलेलं,
मला 'ज्ञ' सापडत नव्हता म्हणून.
चार वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता.
बनवणाऱ्याचं पान उघडलं, तर तेही रिकामं.
प्रशील आता दोह्याला. फोन लागतो, पण घाईत असतो.
काढून टाकू का, यंत्रानं विचारलं.
खात्री आहे का, असंही विचारलं.
काढून टाकलं.

आता काकांचा अंगठा.
काचेवर ठेवला, जुळेना.
पुसून ठेवला, जुळेना.
एकतीस वर्षं कागद उलटून उलटून
रेषा कागदालाच गेलेल्या.
त्यांनी तो डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांतून फिरवला,
तेवढं तेल पुरलं.

प्रिंट निघाली. साधा पंचाहत्तर ग्रॅमचा कागद.
काकांनी तो दोन्ही हातांनी वर धरला,
ट्यूबलाइटसमोर, जरा डावीकडं कलता,
एक डोळा मिटून.
बाकावरचे सहा जण
आपलाच निकाल लागतोय असे गप्प.
"आत काहीच नाही," काका म्हणाले,
आणि घडी घालून खिशात ठेवला.

पन्नासची नोट देतानाही एकदा बघून घेतली.
"आमच्याकडची नाही ही.
पण चांगली आहे."

दुपारी यज्ञेश नावाच्या पोराचा अर्ज आला.
'ज्ञ' सापडायला पाऊण मिनिट लागलं.